सीमूचं होईपर्यंत

सीमंतिनीला आरशासमोर उभं करून शामला तिच्या पोलक्याच्या बाहीला शेवटचे टाके घालत होती, आणि सीमंतिनी काही केल्या स्थिर राहत नव्हती. भाषणाचा कागद तिच्या हातात होता. ओठ हलत होते, मधूनच हात उंचावत होता, आणि हात उंचावला की फुग्याची बाही शामलाच्या बोटांतून निसटत होती.

"सीमू, सुई टोचेल."

"टोचू दे. ताई, 'समाजानं' म्हणू की सरळ 'पुरुषांनी' म्हणू?"

"काय म्हणायचं ते म्हण, पण आधी हात खाली घे."

१९३४ सालचा हिवाळा होता. ग्वाल्हेरचा मेळा भरला होता. तसल्या फुगीर बाह्या शहराच्या लष्कर भागात अजून कोणी घालत नव्हतं. मेळ्यात कलकत्त्याच्या एका दुकानात शामलाला त्या पुतळ्याच्या अंगावर दिसल्या. दुकानदार हटकेपर्यंत ती तिथं उभी राहिली, मग घरी येऊन तिनं जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावर बाही कापून पाहिली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. आता दुपारच्या सभेत सीमंतिनी ते पोलकं घालून गेली की संध्याकाळपर्यंत नई सडकेवरच्या त्यांच्या जिन्यात मुलींची रीघ लागणार, हे दोघी बहिणींना ठाऊक होतं. गोल पाचवारी पातळाचं तसंच झालं होतं, कोपरापर्यंतच्या बाहीचंही तसंच. लष्करातल्या निम्म्या मराठी मुलींची पोलकी शामलाच्या हातची होती. ती स्वतः मात्र बिनकाठाचं पांढरं लुगडं नेसायची आणि वर तसलीच पांढरी साधी चोळी.

शामला सत्तावीस वर्षांची होती. वडिलांनी, दिनकरराव सबनिसांनी, म्हणजे अण्णांनी, तिचं लग्न नवव्या वर्षी लावून दिलं. दोन वर्षांनी इन्फ्लुएंझाची साथ आली, आणि त्या एकाच साथीत शामलाचा नवरा गेला आणि तिची आईही गेली. अकरा वर्षांची मुलगी कोरं कपाळ घेऊन माहेरी परत आली, तर तिथं तीन वर्षांची सीमंतिनी आईला शोधत घरभर फिरत होती. शामलानं तिला कडेवर घेतलं. दिनकरराव सरकारच्या महसूल खात्यात होते, चार लोकांत मान होता. नातेवाइकांनी पुष्कळ धोशा लावला, पण त्यांनी शामलाचं केशवपन होऊ दिलं नाही. पुढे तिला एक जुनं शिवणाचं मशीन आणून दिलं. त्यापलीकडे त्यांना काही सुचलं नाही. जे सुचलं ते सगळं धाकटीसाठी सुचलं.

सीमंतिनी शाळेत गेली, मग मुलांच्या कॉलेजात गेली, दोन वेण्या घालू लागली, मनगटावर घड्याळ बांधू लागली. यातली एकेक गोष्ट अण्णांच्या गळी उतरवायची ती शामलानं. सायकलच्या वेळी तर महिनाभर बापलेकींचं वाजलं होतं. शेवटी अण्णा म्हणाले, "शिकवणार कोण?" तर दुसऱ्या दिवशी सकाळी शामलाच पदर खोचून कंपू भागातल्या मैदानात सीट धरून सीमंतिनीच्या मागं धावत होती. शेजारच्या शांताताईंनी दुधाची चरवी हातात घेऊन तो सगळा तमाशा पाहिला. "अगं शामले, हे काय करून राहिलीस तू? ती तर ती, तूपण?" शामलाला धाप लागली होती, पण ती हसत होती. सीमंतिनी पुढं सुटली होती आणि तिला पत्ताही नव्हता की मागं आता कोणी धरलेलं नाही.

त्या दुपारी सभेत विषय होता 'स्त्रियांना स्वातंत्र्य हवे काय?' शामला अगदी मागं, भिंतीशी बसली. सीमंतिनी बोलायला उभी राहिली तेव्हा आधी बायका बाह्यांकडे बघत होत्या. मग बाह्या विसरून ऐकू लागल्या. ती शिकण्याबद्दल बोलली, गोषाबद्दल बोलली, आणि मग म्हणाली, "अकराव्या वर्षी जिच्या आयुष्याचं दार बाहेरून लावून घेतलं जातं, तिनं ते दार आतून ठोठावायचंही नाही का? ते दार आम्ही उघडणार. जन्मभर घरात बसावं लागलं तरी चालेल, पण आमच्या बहिणींना कोंडून आम्ही बाहेर पडणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या काही बायकांनी मान वळवून मागं पाहिलं. शामलानं नजर खाली घातली. आपल्याबद्दल इतक्या लोकांत कोणी बोलेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला लाज वाटली, अभिमान वाटला, आणि त्याच्याही तळाशी काहीतरी हललं, त्याला तिनं तिथंच दाबून टाकलं.

सीमंतिनीला पहिलं बक्षीस मिळालं. टांग्यात बसल्याबरोबर तिनं विचारलं, "ताई, खरं सांग, डावी बाही जरा बसली होती का गं?"

त्याच आठवड्यात गोविंद टोकेकर त्यांच्या जिन्यात येऊन उभा राहिला. तो एका हायस्कुलात गणित शिकवायचा, कंपूकडे राहायचा. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घरी म्हातारी आई आणि पाच वर्षांची अपर्णा. अपर्णा त्याचा कोट धरून मागं उभी होती आणि त्याच्या काखेत कापडाचा हा मोठा गठ्ठा होता.

"हिला फ्रॉक हवाय," तो म्हणाला. "कापड आणलंय."

शामलानं गठ्ठा उलगडला. "मास्तर, हे पडद्याचं कापड आहे."

"पडद्याचं?" त्यानं ते हातात घेऊन निरखून पाहिलं. "दुकानदार म्हणाला, मजबूत आहे."

"मजबूत आहे खरं. खिडकीला दहा वर्षं टिकेल."

तो मोकळेपणानं हसला आणि शामलालाही हसू आलं. परक्या पुरुषासमोर आपण हसलो हे लक्षात येऊन ती मशीनकडे वळली. तिनं आपल्याकडच्या तुकड्यांतूनच अपर्णेला गुलाबी व्हॉइलचा फ्रॉक शिवला. तो घेऊन गेल्यावर अपर्णा पुन्हा आली, बटण तुटलं म्हणून. मग परकर शिवायला आली, मग नुसतीच आली. गोविंद तिला सोडायचा, शिकवण्या आटोपून न्यायला यायचा आणि दारातच उभा राहून दोन शब्द बोलायचा. शाळेतल्या पोरांच्या गमती सांगायचा. शामलाला मापं घेताना अपूर्णांक जमायचे नाहीत, ते त्यानं खडूनं जमिनीवर मांडून दाखवले. जिन्यात त्याची पावलं वाजली की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी अण्णा कचेरीत होते, सीमंतिनी मैत्रिणीकडे गेली होती. अपर्णा चिंध्यांच्या ढिगावर झोपली होती. गोविंद आज दारात उभा न राहता उंबऱ्याच्या आत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"शामलाबाई, मला आडवळणानं बोलता येत नाही. मी अण्णासाहेबांकडे तुमच्यासाठी मागणी घालणार आहे. पण आधी तुम्हाला विचारतो. त्यांना आधी विचारलं, तर मग तुम्हाला कोण विचारणार?"

मशीनचं चाक थांबलं. शामला म्हणाली, "माझं वय सत्तावीस आहे."

"माझं छत्तीस. त्यातून काय सिद्ध होतं?"

"लोक वाळीत टाकतील."

"टाकतील काही जण. आईशी मी बोललोय. ती चार दिवस जेवली नाही, पाचव्या दिवशी म्हणाली, पोरीला ती आवडते ना, मग झालं." त्यानं झोपलेल्या अपर्णेकडे पाहिलं. "आणि मलाही आवडता तुम्ही. ते राहिलंच सांगायचं."

शामलानं मान वर केली नाही, पण ती 'नाही' म्हणाली नाही.

तिनं आधी सीमंतिनीला सांगितलं. सीमंतिनी किंचाळलीच. तिनं ताईला गरगर फिरवलं, तिच्या गळ्यात पडून रडली, आणि तशाच ओल्या डोळ्यांनी अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. अण्णा ऐकून घेऊन खिडकीशी गेले. खाली नई सडकेवर हातगाडीवाले ओरडत होते.

"नवव्या वर्षी मी तिला विचारलं नव्हतं," ते पाठमोरेच म्हणाले. "आता कोणीतरी विचारलंय. मी मध्ये येणारा कोण?"

त्या संध्याकाळी सीमंतिनीनं दाराला कडी घातली आणि आपलं पिस्ता रंगाचं जॉर्जेटचं पातळ काढलं. शामला नको नको म्हणत राहिली. सीमंतिनीनं ऐकलं नाही, तिला गोल नेसवलं, खांद्यावर पिन लावली, अंबाडा सोडून दोन वेण्या घातल्या. "बघ तरी!" म्हणत आरशाकडे वळवलं. शामला पाहतच राहिली. समोर एक तरुण बाई उभी होती, जराशी सावळी, लांब मानेची. ही इतकी वर्षं कुठं होती? "उतरव गं, कोणी येईल," ती पुटपुटली, पण तिनं स्वतः काही पिन काढली नाही. दिवेलागण होईपर्यंत दोघी तशाच बसून बोलत होत्या. लग्न साधंच करायचं, पावसाळा संपला की करायचं, अपर्णेच्या फ्रॉकला झालर लावायची, असं सगळं ठरलं.

आषाढात अंबरीश देवळे सीमंतिनीला पाहायला आला. विलायतेहून इंजिनिअर होऊन आलेला, इंदूरला मोठ्या हुद्द्यावर होता. कांदेपोहे, गाणं, चालून दाखवणं असलं काही त्याला नको होतं. त्यानं अण्णांची परवानगी काढून सीमंतिनीला फूलबागेत फिरायला नेलं. दोघं टेनिसबद्दल बोलले, पुस्तकांबद्दल बोलले. "मला घूंघटवाली नको," तो म्हणाला, "माझ्याशी वाद घालणारी हवी." सीमंतिनी परत आली ती जमिनीवर पाय न ठेवताच. शामलाला त्या मुलात खोट काढता आली नाही. तो तिलाही वाकून नमस्कार करून गेला होता.

पुढचं बोलणं करायला तो आईला आणि आत्याला घेऊन पुन्हा आला. ती माणसं परतल्यावर संध्याकाळी सीमंतिनी गच्चीवर आली. शामला वाळलेले कपडे गोळा करत होती. सीमंतिनी कठड्याला टेकली आणि किल्ल्याकडे बघत राहिली.

"काय गं? जमलं ना?"

"जमलं." मग ती म्हणाली, "ताई, त्यांना मास्तरांचं कळलंय. मीच सांगितलं. मला वाटलं, त्यांना कौतुक वाटेल."

"मग?"

"वाटलं ना! ते म्हणाले, मला तुझ्या वडिलांचा आदर वाटतो. त्यांचं स्वतःचं काहीच म्हणणं नाही. पण आत्याबाई आहेत. दोन बहिणी लग्नाच्या आहेत. त्यांच्यात पुनर्विवाह झालेलं घर म्हटलं की..." तिनं कठड्यावरचा चुन्याचा पोपडा नखानं काढला. "ते म्हणाले, एवढी घाई कशाला?"

शामलानं हातातलं पातळ घडी करून बाजूला ठेवलं. "तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, ताईला विचारते."

"मग विचार."

खाली कुठल्याशा देवळात आरती सुरू झाली होती. शामला तिच्याजवळ गेली. तिची हनुवटी धरून तिनं तोंड वर केलं, लहानपणी ताप आला की करायची तसं.

"सीमू, मी थांबू का? तू सांगशील ते मी करीन."

हे विचारताना शामलाच्या मनात भीती नव्हती. ही मुलगी काय उत्तर देणार ते तिला माहीत होतं. सायकलवरून शिट्या मारणाऱ्या पोरांना तिनं चप्पल दाखवली होती. भर सभेत बहिणींना कोंडून आम्ही बाहेर पडणार नाही म्हणाली होती. ही 'नाही' म्हणेल, रागानं म्हणेल, असं तिला वाटत होतं.

सीमंतिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "थांब," ती म्हणाली. "माझं होईपर्यंत थांब, ताई. फक्त माझं होईपर्यंत."

शामलानं तिला जवळ घेतलं. "बरं," ती म्हणाली. "रडू नकोस. थांबते."

गोविंदनं ऐकून घेतलं. "थांबतो," तो म्हणाला. "पण हे मला पटलेलं नाही. ज्यांना तुमच्या हातची पोलकी चालतात, त्यांना तुमचं लग्न चालत नाही. हा कुठला हिशेब?"

"माझी मुलगीच आहे ती, मास्तर. माझ्यामुळे तिचं मोडलं तर मी सुखानं जगेन का?"

"आणि थांबल्यामुळे आपलं मोडलं तर?"

शामलानं मशीनचं चाक फिरवलं.

मार्गशीर्षात सीमंतिनीचं लग्न झालं. रुखवतातला टेबलक्लॉथसुद्धा शामलाच्या हातचा होता. अंबरीशच्या बहिणींनी पोलक्यांची कापणी बघून "इंदूरलाही असं मिळत नाही" म्हणून कौतुक केलं. मुहूर्ताच्या वेळी मात्र आत्याबाई सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "त्यांना जरा आत बसायला सांगा." सीमंतिनी बोहल्यावर उभी होती, तिनं ते ऐकलं. तिनं ताईकडे पाहिलं आणि मग समोरच्या अंतरपाटाकडे पाहिलं. शामला कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसली. मंगलाष्टकं तिला पाठ होती, ती मनातल्या मनात म्हणत राहिली. 'शुभ मंगल सावधान' झाल्यावर हातातल्या अक्षता तिनं बंद दाराच्या दिशेनंच टाकल्या.

आता आपलं, असं तिला वाटलं होतं; पण सीमू सासरी जरा रुळू दे, म्हणता म्हणता वर्ष गेलं. सीमंतिनी पुढच्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. पातळं एकाहून एक भारी होती, केस विलायती पद्धतीनं कापून मानेपर्यंत आणले होते. गल्लीतल्या मुली तिला बघायला जिन्यात जमल्या. त्या गेल्यावर ती ताईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

"केस तुला आवडले म्हणून कापलेस ना?" शामलानं विचारलं.

"त्यांना हवे होते. क्लबात सगळ्यांच्या बायकांचे तसे आहेत." ती कुशीवर वळली. "ताई, तिथं मला सगळं करू देतात गं. टेनिस खेळू देतात, पाहुण्यांशी इंग्रजीत बोलू देतात. फक्त ते सांगतील तेव्हा. एकदा मी आपणहून सायकल काढून बाजारात गेले, तर आठ दिवस घरात कोणी माझ्याशी बोललं नाही. हेसुद्धा."

शामला तिच्या कापलेल्या केसांतून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मास्तरांची भेलशाला बदली झालीय. या महिन्यात जायचंय त्यांना. म्हणतात, लग्न करून बरोबरच जाऊ. अण्णाही हो म्हणतायत."

सीमंतिनी उठून बसली. "आत्ता? ताई, आत्ता नको गं! वन्संचं फाल्गुनात ठरतंय. आत्याबाई माझ्यादेखत म्हणाल्या, तिकडे काही भलतं झालं तर सून बाळंतपणाला गेली ती तिकडेच राहील. आणि हे... हे काही बोलले नाहीत. खाली मान घालून जेवत होते." तिनं शामलाचे दोन्ही हात घट्ट धरले. "फाल्गुनापर्यंत. तुझ्या पाया पडते मी."

पोटातल्या जिवासकट ती खरंच वाकायला लागली, तेव्हा शामलानं तिला धरून उभी केली.

अण्णा त्या रात्री शामलाला एकटीला म्हणाले, "पोरी, तू जा. तिचं मी बघून घेईन." पण ते थकले होते, आणि ते काय बघून घेणार हे दोघांनाही कळत नव्हतं.

गोविंदनं फक्त एवढंच विचारलं, "फाल्गुनात नक्की?"

शामलाला खोटं बोलवेना. "तिची धाकटी नणंद आहे अजून," ती म्हणाली.

गोविंद उठला. अपर्णेचं बोट धरलं. पोरगी दारापर्यंत जाऊन मागं धावत आली, शामलाच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही नंतर या हं. आम्ही आधी जाऊन घर झाडून ठेवतो."

भेलशाहून तो एकदाच आला, फाल्गुन संपता संपता. बरोबर अपर्णा होती. तिला चांगलीच उंची आली होती, हाताला पोळल्याचा डाग होता. गोविंद दारातच उभा राहिला, पहिल्या दिवसांसारखा.

"आईची नजर गेली," तो म्हणाला. "ही स्वयंपाक करते. एवढीशी पोर चुलीपाशी बसते. आईनं उज्जैनची एक मुलगी ठरवली. मी हो म्हटलं." मग म्हणाला, "चिठ्ठी पाठवता आली असती. पण तुम्हाला मी समोर बसून विचारलं होतं, तर हेही समोर येऊनच सांगावं."

"बरं केलंत," शामला म्हणाली. "कशी आहे मुलगी? अपर्णेशी बोलते का?"

"बोलते."

"मग झालं."

तिनं अपर्णेला बोलावलं, मापं घेतली आणि तिला तिथंच बसवून फ्रॉक शिवायला घेतला. गोविंद खाली सडकेवर जाऊन उभा राहिला. मशीन चालत होतं तोवर शामलाला मान वर करून काही बघायची गरज नव्हती. फ्रॉक झाला, तो तिनं अपर्णेला घालून पाहिला. तो खांद्याला सैल होता, गुडघ्याच्या खाली येत होता.

"हा मोठा झालाय," अपर्णा म्हणाली.

"मुद्दाम ठेवलाय. पुढल्या वर्षीही होईल तुला. त्याच्या पुढल्या वर्षीही."

सीमंतिनीची मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हा ती पुन्हा ग्वाल्हेरला आली. मधल्या काळात तिचं बाळंतपण इंदूरलाच झालं होतं आणि दोन्ही नणंदा एकाच मांडवात उजवल्या गेल्या होत्या. टांग्यातून उतरल्याबरोबर मुलीला अण्णांच्या हातात देऊन ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. "ताई! झालं सगळं! दोघींचीही झाली. मी यांच्याशी नीट बोलले. म्हटलं, आता मी कोणाचं ऐकणार नाही. तर म्हणाले, ठीक आहे. ताई, मी स्वतः भेलशाला जाते. मास्तरांना मी घेऊन येते. तुझं पातळ मी आणलंय इंदूरहून, बघ तरी, कसला रंग आहे!"

तिनं ट्रंक उघडली. पातळ उलगडलं. डाळिंबी रंगाचं होतं. शामला मशीनवरून उठली नाही.

"सीमू, मास्तरांचं लग्न झालं. चैत्रात."

सीमंतिनीच्या हातातलं पातळ तसंच राहिलं. "कोणाशी?" तिनं विचारलं, आणि मग तिला आपण काय विचारलं ते कळलं. ती मटकन खाली बसली. "मला का नाही कळवलंस? मी आले असते. मी काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतंस?"

सीमंतिनी रडू लागली. हुंदके देत म्हणू लागली, "तू मला का नाही ओरडलीस? का नाही म्हणालीस की नाही थांबणार म्हणून? मी लहान होते गं, मला काय कळत होतं! तू का ऐकलंस माझं?"

आजवर ती रडली की शामलानं हातातलं काम टाकलं नाही असं कधी झालं नव्हतं. आजही तिचे हात पुढं झाले. मग ते तिनं मागं घेतले.

"मी तुला विचारलं होतं, सीमू," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील."

एवढंच ती बोलली. बोलल्यावर हलकं वाटेल असं कधीतरी तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. समोर सीमंतिनी तोंडात पदर कोंबून हमसत होती. तिची ती वाकलेली पाठ शामलाला तीन वर्षांच्या पोरीच्या पाठीइतकीच ओळखीची होती. तिच्यावर धड रागावताही येत नव्हतं. खालून बाळाचं रडणं ऐकू आलं, तशी सीमंतिनी डोळे पुसून उठली आणि खाली गेली.

ती महिनाभर राहणार होती, पण आठवडाभरातच निघाली. शामला तिला पोहोचवायला स्टेशनवर गेली. दोघी फलाटावर बाळाबद्दल बोलल्या, दुपट्याबद्दल बोलल्या. गाडी हलली तेव्हा सीमंतिनीनं खिडकीतून हात बाहेर काढला. शामलानं तो क्षणभर धरला, चार पावलं गाडीबरोबर चालली आणि सोडला.

परतताना टांगा घराच्या रस्त्यानं बाड्याच्या चौकाकडे वळणार एवढ्यात ती टांगेवाल्याला म्हणाली, "कंपू की तरफ़ से ले लो भैया."

कंपूच्या मैदानापुढं, मास्तर राहायचे त्या गल्ल्यांत ती कधी गेली नव्हती. विधवा बाईनं परक्या पुरुषाच्या घराकडे जाणं शक्यच नव्हतं, आणि लग्न झाल्यावर जायचंच आहे म्हणून घर कुठलं ते तिनं कधी विचारलंही नव्हतं. दोन्हीकडे एकसारखी बैठी घरं होती. ओट्यांवर गहू वाळत होते, कुठं मुलं भोवरे फिरवत होती, एक बाई दारात बसून पोरीची वेणी घालत होती. टांगेवाल्यानं घोडा हळू केला.

"कौनसा मकान है, बाई?"

शामलानं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. एक निळ्या दाराचं होतं, एकाच्या भिंतीला नुकताच चुना दिला होता, एकाच्या खिडकीला पडदा होता.

"पता नहीं, भैया," ती म्हणाली. "घर चलो."

घरी अण्णा जिन्याच्या वरच्या पायरीवर वाट बघत उभे होते. "गाडी वेळेवर सुटली का गं?" त्यांनी विचारलं.

"सुटली," शामला म्हणाली, आणि त्यांना चहा टाकायला आत गेली.